लुव्हीनियाच्या पायांतलं गाणं

सोमवार आपल्या लोकांचा, हे लुव्हीनिया पेटवेला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाकीचे सगळे दिवस 'मेपल' गोऱ्यांचं. सोमवारी संध्याकाळी मात्र डेट्रॉइटच्या पूर्वेकडच्या वस्त्यांमधून काळी पोरंपोरी चाकांचे बूट गळ्यात अडकवून बसमधून उतरायची आणि स्केटिंगच्या त्या रिंकच्या दारात रांग लावायची. रिंकचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण ते फक्त पाटीवर. जमीन मेपलच्या लाकडाची, हाताने घासून आरशासारखी केलेली, म्हणून सगळे त्याला मेपलच म्हणायचे.

जमीन सुरेख होती, संगीत मात्र जीव नकोसा करायचं. भिंतीलगतच्या चौथऱ्यावर मिस्टर हॉलेनबेक नावाचे एक म्हातारे गोरे गृहस्थ ऑर्गन वाजवायचे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे संथ नाच, मधूनच एखादं लष्करी संचलन. सोमवारची पोरं त्यावर गोल गोल फिरायची, पण परक्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखी अवघडून. लुव्हीनिया तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिचे पाय त्या सुरांवर चालायचे, धावायचे, पण नाचायचे नाहीत.

तिचे पाय नाचायचे घरी. तिची आई अर्लीथा अलाबामातून आलेली, लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. शनिवारी कामावरून आली की ती स्वयंपाकघरातल्या शेगडीवर लोखंडी कंगवा तापवायची, लुव्हीनियाला पुढ्यात बसवून तिचे केस सरळ करायची, आणि शेजारी ग्रामोफोनवर तबकडी फिरत असायची. भसाड्या आवाजाचा सॅक्सोफोन, पियानोवर डाव्या हाताची अखंड धावपळ, आणि मधोमध एखादी बाई कमरेवर हात ठेवून आपल्या नवऱ्याची सगळी कर्मकहाणी गावभर सांगतेय. दुकानात या तबकड्यांच्या खणावर 'ऱ्हिदम अँड ब्लूज' असं लिहिलेलं असायचं. अर्लीथा त्याला म्हणायची 'शनिवारचं गाणं'. चर्चमधलं ते 'रविवारचं गाणं'. दोन्ही तिला प्राणप्रिय होती आणि दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवायची, हा तिचा नियम होता.

"डोकं हलवू नकोस, कान भाजेल," ती म्हणायची.

"डोकं नाही हलत, पाय हलतायत."

"मग पाय धरून बस."

पाय काही धरवेनात. एका सोमवारी लुव्हीनिया रिंकच्या मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, आमच्या दिवशी आमच्या तबकड्या लावा. मॅनेजर हसला नाही की रागावलाही नाही. असल्या गाण्यांनी फरशी खराब होते आणि भांडणं होतात, एवढं सांगून त्याने दार लावून घेतलं. बाहेर क्लिओफस बायनम उभा होता. उंच, सडसडीत, सोमवारच्या पोरांमध्ये सगळ्यात देखणा फिरणारा. तो म्हणाला, विषय सोड, नाहीतर सोमवारही जाईल आपल्या हातचा.

पुढच्या आठवड्यात लुव्हीनियाने आईची लाडकी तबकडी घोंगडीत गुंडाळली, बसमधून मांडीवर घेऊन आली, आणि मॅनेजरला टाळून थेट ऑर्गनच्या चौथऱ्यावर चढली.

"मिस्टर हॉलेनबेक, तुम्हाला हे वाजवता येईल का?"

म्हाताऱ्याने चष्मा वर सरकवून तबकडी उलटसुलट पाहिली. "घरी ऐकल्याशिवाय कसं सांगू? आणि नेताना फुटली तर?"

"फुटली तर आई मला फोडेल. तुम्हाला काही नाही करणार."

म्हातारा तबकडी घेऊन गेला. तो आठवडा लुव्हीनियाने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. शनिवारी अर्लीथाने ती तबकडी शोधली तेव्हा पोरीने मैत्रिणीचं नाव पुढे केलं.

सोमवारी मिस्टर हॉलेनबेकनी नेहमीचे संथ नाच वाजवले, संचलन वाजवलं, मग रुमालाने हात पुसले आणि डावा हात खाली खर्जात नेला. सूर सगळे बरोबर होते, ठेका मात्र चिखलात बूट रुतलेल्या माणसासारखा. पोरं हसायला लागली. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. त्याने वाजवणं थांबवलं नाही, पण त्याची नजर लुव्हीनियाला शोधू लागली. तेव्हा ती कठड्याशी जाऊन टाळ्या द्यायला लागली. पहिल्या मात्रेवर नाही, तिसरीवरही नाही. दुसरीवर आणि चौथीवर, जशा चर्चमध्ये बायका देतात तशा. क्लिओफसने तिच्याकडे पाहून कपाळावर हात मारला आणि मग तोही टाळ्या देऊ लागला. बघता बघता सगळं रिंक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर वाजायला लागलं. त्या टाळ्यांना धरून म्हाताऱ्याचा डावा हात आधी लंगडला, मग चालला, आणि मग एकदाचा सुटला.

मॅनेजर धावत बाहेर आला तेव्हा फरशीवर उभं राहायला जागा नव्हती. पोरं गुडघे वाकवून, खांदे सोडून, उलटी, आडवी, जोड्याजोड्यांनी फिरत होती. एकही भांडण नव्हतं. फरशीही जागच्या जागी होती. तो तसाच आत निघून गेला. त्या हिवाळ्यात दर सोमवारी एक तास 'त्या पद्धतीचं' वाजू लागलं, आणि वसंतात ऑर्गनशेजारी रेकॉर्ड प्लेयर येऊन बसला. त्या पहिल्याच संध्याकाळी तबकडी परत करताना मिस्टर हॉलेनबेक एवढंच म्हणाले होते, की चाळीस वर्षं वाजवतोय, पण माझ्या वाजवण्यावर कुणी घामाघूम झालेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

पुढे दिवस भराभर पालटले. लुव्हीनियाने क्लिओफसशी लग्न केलं. तो मोटारींच्या कारखान्यात लागला. हायवेसाठी हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या बाजूची आपल्या लोकांची सगळी वस्ती पाडली, त्यात अर्लीथाचं घर गेलं, तेव्हा ती आपला ग्रामोफोन घेऊन लेकीकडे राहायला आली. गोरे लोक शहर सोडून उपनगरांत निघाले, त्यांच्याबरोबर मेपलचा मालकही गेला, आणि आपल्यातलेच एक दाताचे डॉक्टर, अपशॉ, यांनी रिंक घेतलं. आता सोमवारची अट उरली नाही. डॉक्टरांनी विचारलं, गाणी कोण लावणार? क्लिओफसने बायकोकडे बोट दाखवलं. फरशीच्या टोकाला जिन्याने चढून जायची काचेची एक खोली होती. ती त्या दिवसापासून लुव्हीनियाची झाली.

आणि गाणंही बदललं होतं. सॅक्सोफोन मागे सरला. खंजिरी आली, व्हायोलिनं आली, चर्चच्या गायकमंडळासारखे साथीचे आवाज आले. गाणारी पोरंपोरी शेजारच्या गल्लीतली, आपल्याच शाळांमधली, आणि आवाज असा लावायची की वाटावं, आता वेदीपुढे गुडघे टेकतील. सगळे त्याला 'सोल', म्हणजे आत्म्याचं गाणं, म्हणायला लागले. अर्लीथाला ते मुळीच पसंत नव्हतं.

"हे तर रविवारचं गाणं आहे," ती लेकीला म्हणाली. "येशूचं नाव खोडलंय आणि तिथे कुठल्यातरी टोणग्याचं नाव घातलंय. लाज नाही वाटत लावायला?"

लुव्हीनिया हसून म्हणाली, की आई, तुझ्या शनिवारच्या बायका काय भजनं म्हणायच्या? त्यावर अर्लीथाने सांगितलं, की त्या निदान खोटं सोंग आणायच्या नाहीत. मेपलमध्ये मी पाऊल ठेवणार नाही, असंही तिने जाहीर केलं आणि बरेच महिने ते पाळलं. मग एका रविवारी दुपारी लेक-जावयाचा डबा राहिला म्हणून ती चर्चच्या टोपीसकट रिंकवर आली. तबकडीवर एका पोरीचा आवाज चढत होता, चढता चढता फुटला आणि फुटलेलाच वर गेला. अर्लीथाचा उजवा हात तिच्या नकळत हवेत उठला, तळवा पुढे, चर्चमध्ये उठतो तसा. लुव्हीनियाने काचेतून ते पाहिलं. आईनेही पाहिलं, की लेकीने पाहिलंय. लगेच तिने तो हात टोपीवर नेला आणि टोपी सारखी केली. त्यानंतर मात्र रविवारचा डबा दर वेळी घरी राहू लागला.

सत्तरच्या दशकात बेस गिटारचा आवाज जाड झाला, गाणी लांबत गेली, एकेक गाणं तबकडीची अख्खी बाजू खाऊ लागलं. क्लिओफस पुढे आणि त्याच्या कमरेला धरून माणसांची आगगाडी, असं फिरत फिरत ती गाडी रिंकभर वळायची. त्यांची मुलगी रेनिटा त्या काचेच्या खोलीतच कोटांच्या ढिगावर झोपून मोठी झाली. लुव्हीनियाला वाटायचं, गाणं आता पोचलं तिथे पोचलं. यापुढे आणखी कुठे जाणार?

ते गेलं, आणि तिला न विचारता गेलं. रेनिटा अठरा वर्षांची झाली त्या सुमाराला ती एक तबकडी घेऊन आली. लुव्हीनियाने ती ऐकली. ड्रम वाजत होता, पण वाजवणारा नव्हता. बेस होता, तोही पेटीतून काढल्यासारखा. गाणं इतकं संथ की दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत झोप लागावी.

"हे मी लावणार नाही," ती म्हणाली. "यात कुणाचा हातच नाही. यंत्राच्या ठेक्यावर माणसं फिरवायची?"

"बाबा दिवसभर यंत्रावरच काम करतात. संध्याकाळी तुझ्याबरोबर फिरतात ते माणूसच असतात ना?" रेनिटा म्हणाली. "आवडत नाही म्हण ना सरळ. हात नाही, पाय नाही, कशाला कारणं?"

लुव्हीनिया बधली नाही. मेपलमध्ये जुनंच वाजत राहिलं आणि तरुण पोरं हळूहळू पूर्वेकडच्या दुसऱ्या एका रिंककडे वळली. शेवटी रेनिटाही तिकडेच गाणी लावायला गेली. मायलेकींनी बोलणं टाकलं. क्लिओफस दोघींमध्ये निरोप पोचवत होता आणि कारखान्यात सांगत होता, की मला आता टपालखात्यात घ्या. अर्लीथा तेव्हा खूप थकली होती, खिडकीशी बसून असायची. तिने एके दिवशी लेकीला जवळ बोलावलं.

"तुझ्या गाण्यांना मी नावं ठेवली तेव्हा तू हसली होतीस माझ्यावर," ती म्हणाली. "आता तुझं तोंड आरशात बघून ये. माझंच लावलंयस."

लुव्हीनिया चिडली. पण त्याच शनिवारी दुपारी डोक्याला रुमाल बांधून, क्लिओफसला सोबत घेऊन, ती पूर्वेकडच्या रिंकवर गेली. मागच्या बाकावर बसून तिने पाहिलं, आणि जे दिसलं त्याची तिने कल्पनाच केली नव्हती. आगगाड्या नव्हत्या, धावपळ नव्हती. पोरं गुडघ्यात खोल वाकून, पाय मागे लोंबकळत ठेवून फिरत होती. ठोका पडून जायचा, आता चुकलं असं वाटायचं, आणि नेमका तेव्हा पाय यायचा. तिच्या काळच्या गाण्यात ठोक्यांची दाटी असायची, प्रत्येक ठोक्यावर पाय. इथे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत एखादी पोर पाठ फिरवून, हसून, पुन्हा समोर तोंड करून येत होती. जी मधली जागा तिला रिकामी वाटली होती, त्या जागेतच सगळा नाच होता.

तिने भाड्याचे बूट घेतले आणि फरशीवर उतरली. पहिल्याच वळणावर अडखळली. दुसऱ्यावरही. दर वेळी तिचा पाय आधी पडत होता. वर काचेआडून रेनिटाने तो रुमाल आणि ती चाल ओळखली. गाणं चालू ठेवून ती खाली आली आणि काही न बोलता तिने आईचा हात धरला.

"तुझी घाई होतेय," थोडं फिरल्यावर ती म्हणाली.

"माझी नाही घाई. ते यंत्र झोपलंय."

"मग ते उठेपर्यंत थांब. थांब... अजून नाही... आता."

पाय बरोबर पडला. चाळिशीत तिला कुणी नवीन चालायला शिकवेल असं तिला वाटलं नव्हतं. ती हसायला लागली, मग रेनिटाही, आणि बाकावर बसलेल्या क्लिओफसने दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले, कारण त्याचं टपालखातं बंद झालं होतं.

रेनिटा मेपलला परत आली. शुक्रवार तिचा, रविवार आईचा, अशी वाटणी झाली आणि मेपल पुन्हा भरलं. अर्लीथा गेली तेव्हा चर्चमध्ये गायकमंडळाने रविवारचं गाणं म्हटलं आणि नंतर घरी, मक्याचा पाव आणि पालेभाजी खात, सगळ्यांनी तिच्या शनिवारच्या तबकड्या ऐकल्या. पुढच्या पिढीने तर जुन्या गाण्यांचे तुकडे कापून आपल्या गाण्यांच्या खाली अंथरायला सुरुवात केली आणि त्यावर न गाता ठेक्यात भराभर बोलायची पद्धत काढली. ज्या गाण्यावर लुव्हीनिया आपल्या लग्नात नाचली होती, त्याचाच एक तुकडा एके दिवशी असा पायाखाली आला. ती म्हणाली, माझ्या घराचं दार काढून यांनी आपल्या घराला बसवलंय. रेनिटाने विचारलं, उघडतंय ना नीट? लुव्हीनियाने थोडा वेळ ऐकलं आणि कबूल केलं, की उघडतंय.

मग क्लिओफस गेला. मग लुव्हीनियाच्या खुब्याचं हाड बदललं आणि डॉक्टरांनी बूट कपाटात ठेवायला सांगितलं. डॉक्टर अपशॉंच्या मुलांनी रिंक रेनिटाच्या हवाली केलं आणि ती ते नेटाने चालवू लागली. आता ती स्वतः पन्नाशीच्या पुढची झाली होती, आणि तिची मुलगी झकिया गात होती.

झकिया बावीस वर्षांची. दिवसा दवाखान्यात रक्ताचे नमुने घ्यायची, आणि घरी आली की कपड्यांच्या कपाटात शिरून, कोटांच्या आड माईक लावून गाणी करायची. तिने एक गाणं पूर्ण केलं आणि आईला ऐकवलं. मे महिन्यात मेपलमध्ये मोठा मेळा व्हायचा होता. शिकागो, अटलांटा, बाल्टिमोर, सेंट लुईस, सगळीकडून स्केटिंगवाले फिरण्याची आपापली चाल घेऊन यायचे. झकियाची इच्छा होती, की तिचं गाणं तिथे वाजावं. रेनिटाने गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि नाही म्हणाली.

नाही म्हणायला कारण होतं. रिंकवरचे लोक गाण्याचे फार कडक परीक्षक. आवडलं नाही तर ते ओरडत नाहीत, शिट्ट्या मारत नाहीत. चाकं वळवून कठड्याला जाऊन टेकतात. रिकामी फरशी बघण्याएवढी मोठी शिक्षा गाणाऱ्याला दुसरी नाही. आणि झकियाच्या गाण्यात ड्रम जवळजवळ नव्हताच. खालून एक घुमणारा सूर, आणि त्यावर तिचाच आवाज तिच्याच आवाजावर थरांनी रचलेला, कुजबुजल्यासारखा.

"पोरीची फजिती माझ्या हातून नाही करायची मला," रेनिटाने आईला सांगितलं. "यावर फिरता येत नाही."

लुव्हीनियाने कानाला हेडफोन लावून घेतला. खरं सांगायचं तर तिलाही गाणं आवडलं नाही. तिने पुन्हा लावलं. मग नातीला विचारलं, "यात पाय कशावर टाकायचा?"

"राहू दे आजी," झकिया म्हणाली. "आईचं बरोबर आहे. हे एकट्याने कानात ऐकायचं गाणं आहे."

"आपल्या घरात एकट्याने ऐकायचं गाणं अजून कुणी केलेलं नाही," लुव्हीनिया म्हणाली. "ठेव ते माझ्याकडे."

त्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात मोजे घालून, ओट्याला धरून, गाणं ऐकत हळूहळू सरकत राहिली. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी देऊन पाहिली. त्या मात्राच नव्हत्या. रेनिटाने शिकवलेलं थांबणं करून पाहिलं. थांबून वाट कशाची बघायची ते कळेना. जुनं काहीच कामाला येईना, याचा तिला राग आला आणि रागाबरोबर जिद्दही आली. मग एका सकाळी, कॉफी उकळत असताना, तिला ऐकू आला तो झकियाचा श्वास. प्रत्येक ओळीआधी पोर श्वास घेत होती आणि तो तिने गाण्यातून काढून टाकला नव्हता. कधी छोटा, कधी खोल, कधी अडलेला. लुव्हीनियाने त्या श्वासावर पाय पुढे ढकलला आणि ओळ संपेपर्यंत नुसती घसरत राहिली. पुढचा श्वास आला, दुसरा पाय. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकाला ती कशी पोचली ते तिचं तिला कळलं नाही. कॉफी उतू गेली.

तिने रेनिटाला बोलावून सांगितलं, की मेळ्यात गाणं लाव, फरशीवर मी उतरते. रेनिटाने डॉक्टरांची आठवण करून दिली.

"डॉक्टरांनी पडायला मनाई केलीये," लुव्हीनिया म्हणाली. "फिरायला नाही."

आईचा चेहरा रेनिटा ओळखत होती. शेवटी तिने एकच अट घातली, की गुडघ्याला आणि मनगटाला पट्टे बांधायचे. लुव्हीनिया म्हणाली, बांध हवं तर गादी.

मेळ्याच्या रविवारी दुपारी मेपलला पाय ठेवायला जागा नव्हती. शिकागोचे लोक झपाझप पावलं टाकत होते, अटलांटाची पोरं उड्या घेत होती, बाल्टिमोरवाले जोडीने मागे मागे सरकत होते, आणि आपले डेट्रॉइटचे मधोमध आपल्या संथ डौलात. गर्दी चांगली तापल्यावर रेनिटाने वरून माईकवर सांगितलं, की आता माझ्या मुलीचं गाणं. बाकी काही कौतुक नाही, विनंती नाही. तिने गाणं सुरू केलं.

घुमणारा सूर आला. लोक एक वळण फिरले, अर्धं आणखी, एकमेकांकडे पाहू लागले. मग सवयीप्रमाणे चाकं वळली. आधी शिकागो, मग अटलांटा, मग आपलेही. कुणी वाईट बोललं नाही. पाणी प्यायला, बुटाची नाडी बांधायला म्हणून माणसं कठड्याला जाऊन लागली. काचेच्या खोलीत झकियाने तोंड ओंजळीत झाकलं होतं. फरशी रिकामी झाली आणि उन्हाचा एक पट्टा तिच्यावर लांबच लांब पडलेला दिसू लागला.

त्या पट्ट्यात लुव्हीनिया उतरली. जांभळा स्वेटर, पांढरे केस मागे बांधलेले, गुडघ्याला पट्टे. कठड्यावरचा हात सोडायला तिला जड गेलं. ते जवळच्यांना दिसलं. मग स्पीकरमधून झकियाने श्वास घेतला आणि म्हातारीने उजवा पाय ढकलला. ओळ लांब होती. लुव्हीनिया त्या ओळीवर नुसती वाहत गेली, हात किंचित उघडे, मान वर. श्वास, डावा पाय. पहिलं वळण आलं, तिथे गाण्यातला श्वास अडतो. तिनेही अंग तसंच अडवलं आणि सोडलं, आणि वळणातून ती अशी बाहेर आली की कठड्याला टेकलेल्यांच्या पाठी सरळ झाल्या. खुब्यात कळ येत होती. तिला ती जाणवत होती, पण त्या कळेचं तिला काही वाटत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं, म्हणून लाकडावरून जाणाऱ्या तिच्या एकटीच्या चाकांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तो गाण्याला हवाच होता असं वाटत होतं. ज्या जागी ड्रम नव्हता तिथे ती चाकं होती.

दुसऱ्या फेरीला सेंट लुईसची एक धिप्पाड बाई कठडा सोडून पुढे आली. तिने एका श्वासावर चुकीचा पाय टाकला, पुढचा बरोबर टाकला आणि "अरे देवा" असं पुटपुटून लुव्हीनियाच्या मागे लागली. तिच्यामागे बाल्टिमोरची एक जोडी आली. मग शिकागोचा एक टक्कल पडलेला गृहस्थ, मग आपल्या गल्लीतले, मग सगळेच. गाणं शेवटच्या कडव्याला आलं तेव्हा फरशीवर कडेपासून कडेपर्यंत माणसं होती आणि सगळ्यांची पावलं एका पोरीच्या श्वासावर पडत होती. गावोगावच्या चाली होत्या, कुणी उलटं, कुणी जोडीने, पण श्वास एकच.

गाणं संपलं. चाकं थांबली नाहीत. नुसत्या लाकडाच्या गुणगुणण्यावर सगळं रिंक फिरत राहिलं. मग टक्कलवाल्याने वर बघून हात उंचावला.

"पुन्हा लाव, रेनिटा."

रेनिटाचे डोळे भरले होते आणि तिला बटण दिसत नव्हतं, म्हणून झकियानेच ते दाबलं. लुव्हीनिया तेवढ्यात काचेखालून जात होती. तिने वर पाहिलं.

"तिथे काय करतेस?" ती ओरडली. "पाहुणे फिरतायत आणि घरची बाई माडीवर! बूट घाल आणि खाली ये."

झकिया जिन्यावरून एकेक पायरी गाळत आली. फरशीवर येताच लोकांनी तिला वाट करून दिली, टाळ्या वाजवल्या, कुणी पाठीवर थाप मारली. ती आजीच्या शेजारी आली आणि आपल्याच गाण्यावर पहिल्यांदा फिरली. त्या दुपारी ते गाणं आणखी कितीदा वाजलं ते कुणी मोजलं नाही. शेवटच्या वेळी तर झकिया त्याबरोबर मोठ्याने गायली आणि सगळं रिंक गायलं.

दुसऱ्या दिवशी लुव्हीनियाला पलंगावरून उठवेना. ती खुब्यावर बर्फाची पिशवी ठेवून पडली होती आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला खाली बसवून, बोटांनी चादरीवर दाखवत होती, की श्वासावर पाय कसा ढकलायचा. पुढच्या रविवारी शिकागोहून टक्कलवाल्याचा फोन आला. त्याने नुसताच फोन तिथल्या रिंकवर धरला. झकियाचं गाणं अस्पष्ट येत होतं. चाकं मात्र स्वच्छ ऐकू येत होती, शेकड्यांनी, एकदम उठणारी आणि एकदम लांबत जाणारी. लुव्हीनियाने फोन नातीच्या कानाला लावला आणि मग दोघींच्या मध्ये धरला, आणि त्या बराच वेळ तशाच बसून ऐकत राहिल्या.